एक आई, एक वासरू: न्दुतूच्या प्रकल्प नोंदी

२९ जानेवारी, अरुषा

टांझानियातल्या किलिमंजारो विमानतळावरून सामान सुटायला दुपार झाली. चौदा पेट्या, सगळ्या आल्या. ५०–१००० झूम लेन्सची पेटी मी स्वतः उघडली. साडेसहा किलोचं धूड आहे, आणि ते बिघडलं तर बाकीच्या तेरा पेट्या नुसतं ओझं. फोकसचं कडं सरळ फिरतंय, आत धूळ नाही.

लेन्स टेकवायच्या बीनबॅगा रिकाम्या आणल्या होत्या, वजन वाचवायला. बाजारातून १२ किलो राजमा घेतला आणि हॉटेलच्या खोलीत बसून भरला. वाळू भरली तर बॅग दगडासारखी होते आणि शिवणीतून कण लेन्सवर येतात. राजमा लेन्सला बरोबर कुशीत घेतो.

चित्रीकरणाचे परवाने हातात आहेत. ड्रोनचा अर्जच केला नाही. विणाऱ्या माद्यांवर ड्रोन घोंघावला की त्या उठतात, मग चित्रीकरण कशाचं करायचं?

काम असं: ५० मिनिटांच्या फिल्ममधला ८ मिनिटांचा प्रसंग, सेरेंगेटीच्या दक्षिण मैदानावर, न्दुतूला, वाइल्डबीस्टचा (गाईसारखं दिसणारं आफ्रिकेतलं मोठं हरीण) विणीचा हंगाम. हातात २२ दिवस. माणसं तीन: कॅमेऱ्यावर मी, ध्वनिमुद्रणाला एक गोव्याची सहकारी आणि गाडीवर कराटूचे एक बुजुर्ग गाईड. इथे वडीलधाऱ्या माणसाला 'म्झे' म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो.

३० जानेवारी, अरुषा ते न्दुतू

सकाळी म्झे भेटले तेव्हा त्यांच्या पुतण्याने त्यांना 'शिकामू' म्हटलं, त्यांनी 'मराहाबा' असं उत्तर दिलं. अर्थ विचारला. शिकामू म्हणजे तुमचे पाय धरतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिथेच, गाडीत चढायच्या आधी, शिकामू म्हटलं. त्यांनी हात डोक्यावर ठेवला नाही एवढाच काय तो फरक.

दुसरी गंमत दिवसभर चालली. सहकारी मला 'दादा' म्हणते. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि भाऊ म्हणजे 'काका'. म्झेंनी दोन तास मनात ठेवलं आणि शेवटी विचारलंच, की ही तुम्हाला बहीण का म्हणते.

न्गोरोंगोरोच्या कड्यावर, साधारण २,३०० मीटरवर, गाडी थांबवली. खाली १९ किलोमीटर रुंदीची, कोसळलेल्या ज्वालामुखीची परात. कड्यावर दगडी स्मारक आहे, मिखाएल ग्झिमेकचं. वडील बर्नहार्ड आणि तो, दोघांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतली जनावरं मोजली. १० जानेवारी १९५९ ला विमानाची गिधाडाशी टक्कर झाली, त्यात मिखाएल गेला. वय २४. ते नुसतेच चित्रपटवाले असते तर गोष्ट वेगळी होती, पण या बापलेकांनी कॅमेऱ्यासोबत मोजणीही केली. आमच्या धंद्यात हे फार कमी जण करतात. स्मारकापाशी थोडं उभं राहिलो.

१ फेब्रुवारी, न्दुतू

कळप नाहीत. क्षितिजापर्यंत गवत, मध्ये थॉमसन गॅझेल, आणि युरोपातून हिवाळ्याला आलेले पांढरे करकोचे. म्झे गाडीच्या टपावर चढून पूर्वेकडे ढग बघत बसले. पाऊस पडला की न्युम्बू येतात, असं त्यांचं सरळ म्हणणं. न्युम्बू म्हणजे वाइल्डबीस्ट, आम्हीही आता तेच नाव वापरतो.

त्या इथेच का येतात, हे फिल्ममध्ये सांगायला हवं, म्हणून टिपून ठेवतो. पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख वाऱ्याबरोबर हजारो वर्षं या मैदानावर पडत आली. त्यातला ओल दोइन्यो लेंगाई, मसाईंच्या भाषेत देवाचा डोंगर, अजून जागा आहे, २००७ मध्येही तो फुटला होता. राखेमुळे मातीखाली चुन्याचा कडक थर बसलाय, म्हणून झाडांची मुळं खाली जात नाहीत आणि मैदान उघडं राहतं. गवत बोटभर, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं. दुभत्या जनावराला जे लागतं नेमकं तेच. आमच्या माणदेशात व्यालेल्या गाईसाठी पेंड आणि चुनी कुठून आणायची ही चिंता असते. इथे ती जमिनीतच आहे. शिवाय उघड्या मैदानावर सिंहाला दबा धरायला आडोसा नाही.

४ फेब्रुवारी

परवा रात्री पाऊस झाला आणि काल दुपारी पहिली रांग दिसली. आज सकाळी तंबूबाहेर आलो तर मैदान काळं. सहकारीने डोळे मिटून पंधरा मिनिटं नुसतं ऐकलं. मोठ्यांचा खालचा 'ग्नू, ग्नू' असा हुंकार (नू हे नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात) आणि त्यावर वासरांचं बारीक हंबरणं, असे दोन थर आहेत, ते वेगळे मुद्रित करायचे असं तिने ठरवलं.

संध्याकाळी फिल्म मागवणाऱ्यांचा मेल. शिकार हवी, ती जमल्यास नवजात वासराची, आणि 'एक पात्र' हवं ज्याच्यामागे प्रेक्षक जाईल.

हे पात्र कसं बनतं ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. कळा देणारी मादी एका दिवसाची, जन्म दुसऱ्या मादीचा, उभं राहणारं वासरू तिसरं, तरसाच्या तोंडातून सुटलेलं चौथं. जोडणी बेमालूम असते, कारण वाइल्डबीस्ट सगळे सारखे दिसतात. मीही अशी जोडणी केली आहे, बारा वर्षांत बऱ्याचदा. या वेळी करायची नाही. एक आई, एक वासरू, कळांपासून पहिल्या घोटापर्यंत, खऱ्या वेळात. वासरू सरासरी सहा-सात मिनिटांत उभं राहतं असं अभ्यासक सांगतात. ती सहा-सात मिनिटं टीव्हीवर सलग दाखवायची.

स्लो मोशन बंद. सेकंदाला २५ फ्रेम्स, बस्स.

६ फेब्रुवारी

तीन जन्म पाहिले, एकही नीट मिळाला नाही.

पहिल्याला आम्ही पोचलो तेव्हा वासरू ओलं पण उभं होतं. दुसऱ्या मादीच्या खुरांची टोकं बाहेर दिसत होती. आम्ही ६० मीटरवर थांबलो, ती उठली आणि तशीच चालू लागली. यांना ते जमतं. डोकं बाहेर येईपर्यंत धोका वाटला तर मादी कळा आवरून पळू शकते. म्हणजे त्या उठण्याला आम्ही कारण. तिसरा जन्म १० नंतरचा. तोवर जमीन तापून हवा थरथरायला लागली होती आणि १००० मिलीमीटरवर सगळं चित्र पाण्यातून पाहिल्यासारखं.

नियम ठरवले. ९० मीटरच्या आत जायचं नाही. कळा लागायच्या आधी गाडी लावून इंजिन बंद करायचं आणि वासरू प्यायल्याशिवाय सुरू करायचं नाही, मग समोर काहीही होवो. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे हवा.

कशी ओळखायची? म्झे शेपूट पाहतात. मी कास पाहतो. घरच्या खिलार गाईंच्या विण्याची वाट पाहत रात्री काढल्यात, गोठ्यात कंदील धरून. कास ताठ, सड भरलेले, पाठीमागचं अंग ढिलं पडलेलं, हे इथेही तसंच आहे.

७ फेब्रुवारी

वारा. धूळ. काही नाही. राखेची धूळ खारट लागते, ओठ फुटले. सेन्सर दोनदा साफ केला.

९ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार.

सकाळी साडेआठला मोठ्या दलदलीच्या बाजूने कळप फुटला. दोन तरसं होती, आणि त्यांच्यामागे फोटोसाठी धावणाऱ्या चार-पाच गाड्या. धूळ बसल्यावर मैदानात एक वासरू एकटं. बदामी रंग, तोंड काळसर, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला. एक दिवसाचंही नसावं. मी कॅमेरा सुरू केला.

ते हंबरलं, थांबलं, कान फिरवले. मग सरळ आमच्याकडे आलं. ९० मीटरचा नियम आमचा, त्याला काय माहीत. झूम मागे घेत घेत शेवटी ते चौकटीच्या खाली गेलं आणि मी दारातून डोकं काढून पाहिलं. पुढच्या चाकाला नाक लावून उभं होतं. मग बंपरखाली तोंड घालून वर ढुशी दिली. एकदा, दोनदा. आचळ शोधत होतं. खालच्या पत्र्यावर त्याच्या नाकाचा टक-टक आवाज गाडीत स्पष्ट येत होता. सहकारीने हेडफोन काढून ठेवले.

जन्मल्यावर पहिल्या काही तासांत जे मोठं आणि हलतं त्याच्यामागे जायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. आई जवळ असेल तर ती आईच असते. आई हरवली तर गाडी, झेब्रा, कधी तरसही. म्झेंनी तरसामागे जाणारं वासरू पाहिलंय.

काय करायचं? हस्तक्षेप करायचा नाही हा आमचा धर्म. पण गाड्यांनी कळप फोडला तेव्हाच हस्तक्षेप झाला होता, आणि आता ते वासरू आम्हाला आई समजत होतं. म्झे म्हणाले, 'पोलेपोले.' हळूहळू. त्यांनी इंजिन चालू केलं, वासरू दचकलं, पण गेलं नाही. चालण्याच्या वेगाने गाडी कळपाकडे निघाली आणि ते डाव्या दाराशी लागून दुडक्या चालीने येत राहिलं. किलोमीटरभर. हुंकार ऐकू यायला लागल्यावर म्झेंनी गाडी थांबवली. वासराने कान उभे केले आणि ते पुढे गेलं.

पहिल्या मादीने हुंगून शिंगाने बाजूला सारलं. दुसरीनेही. वाइल्डबीस्ट दुसऱ्याचं वासरू पाजत नाहीत, वासावरून आणि आवाजावरून आपलं ते आपलं. चौथ्या मादीपाशी धूळ उठली आणि आम्हाला दिसेनासं झालं. दुर्बिणीने अर्धा तास शोधलं. आई मिळाली की नाही, माहीत नाही.

चित्रीकरण २ मिनिटं १० सेकंद आहे आणि फार सुंदर आहे: रिकामं मैदान, मागे धूळ, एकटं वासरू थेट भिंगाकडे येतंय. वापरायचं नाही. वापरलं तर प्रेक्षक म्हणेल, निसर्ग किती निष्ठुर. आणि ज्या गाड्यांमुळे हे झालं त्या चौकटीबाहेर राहतील, आमची धरून. फोल्डरला नाव दिलं 'वापरू नये' आणि कारण लिहून ठेवलं, म्हणजे संकलनाच्या टेबलावर कुणी उचलणार नाही.

१० फेब्रुवारी

कॅमेरा उघडला नाही. म्झे म्हणाले चला, आणि पूर्वेकडे उंचावर घेऊन गेले. तिथे मसाईंचे गोठे आहेत. १९५९ मध्ये न्गोरोंगोरो सेरेंगेटीपासून वेगळं काढलं ते गुराख्यांनी आणि जनावरांनी एकत्र राहावं म्हणून, आणि ती ओढाताण अजून मिटलेली नाही.

एक वडीलधारे गुराखी गाई वर ठेवून होते, खालचं हिरवं गवत दिसत असतानाही. का, ते म्झेंनी भाषांतर करून सांगितलं. वाइल्डबीस्टच्या लहान वासरांच्या नाकाडोळ्यांच्या स्रावातून एक विषाणू पसरतो. वासराला त्याने काही होत नाही, पण गाईला लागला की ताप, डोळे पांढरे होतात, आणि गाय बहुतेक वाचत नाही. लस सहज मिळत नाही. म्हणून न्युम्बू विणायला आले की उत्तम गवत सोडून मसाई वर सरकतात. इतकं पौष्टिक गवत समोर आणि दोन महिने गुरं त्यापासून दूर ठेवायची. आमच्या गावात कुणाला हे सांगितलं तर त्याला त्यातली किंमत लगेच कळेल.

मग त्यांनी जुन्या साथीचं नाव काढलं. मी ओळखलं: बुळकांडी. आजोबा हा शब्द उच्चारला की पुढे बोलत नसत. १८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या शिंगात इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर ती या खंडात शिरली. ती गुरं भारतातून आणलेली असावीत असं अनेक इतिहासकार मानतात. दहा वर्षांत ती दक्षिण टोकापर्यंत पोचली. गाई मेल्या, रानम्हशी मेल्या, वाइल्डबीस्ट मेले, आणि गाईंवर जगणारी माणसं मेली. मसाई त्या काळाला 'एमुताई' म्हणतात, सर्वनाश.

१९६० च्या आसपास सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या घरात होते. मग भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली, आणि गुरांतून रोग गेला तसा रानातूनही गेला. १९७० च्या दशकाच्या शेवटी कळप तेरा लाखांवर पोचला. आज आम्ही ज्याला आदिम, अनादि देखावा म्हणून चित्रित करतो आहोत, तो माझ्या वडिलांच्या हयातीत परत उभा राहिला. रान जपून तो आला तसाच गाईंना टोचून आला. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं.

निवेदनात हे यायलाच हवं. रात्री दोन वाक्यं लिहिली, खोडली, परत लिहिली.

१२ फेब्रुवारी

पाऊस. दलदलीच्या कडेला गाडी आसापर्यंत रुतली. जॅक, फळ्या, चार तास.

१४ फेब्रुवारी

तरसाने वासरू धरलं, ते मिळालं, १२० मीटरवरून, स्वच्छ. पाठवून दिलं. त्यांना हवं होतं आणि ते खरंही आहे. पण सोबत चिठ्ठी लिहिली: साधारण तीन आठवड्यांत चार-पाच लाख वासरं जन्मतात. तरस, सिंह, चित्ते, कोल्हे, सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी त्यांच्या खाण्याला मर्यादा आहे. एकदम जन्मणं हेच यांचं संरक्षण. जो आधी किंवा नंतर एकटा जन्मतो तो जातो. फिल्ममध्ये सात शिकारी आणि एक जन्म दाखवला तर गणित नेमकं उलटं दिसेल.

१७ फेब्रुवारी

मिळालं.

०६:०५ ला निघालो. ०७:३० ला म्झेंनी एका मादीकडे बोट दाखवलं, डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. कळपाच्या कडेला, पाच-सहा गाभण माद्यांच्या घोळक्यात. वारा बरोबर. ९५ मीटर. इंजिन बंद.

०७:५२. पाणमोट दिसली. कॅमेरा सुरू.

०८:१०. पुढचे दोन खूर, पांढरट, मऊ. पायाळू नाही, सरळ आहे. माझा जीव भांड्यात पडला.

०८:३१. लांबवर तरस. ती उठली, खूर बाहेर लोंबत असताना चाळीसेक पावलं चालली. चौकटीच्या उजव्या टोकाला गेली. गाडी दोन मीटर मागे घेतली असती तर चित्र सुधारलं असतं. म्झेंनी किल्लीला हात लावला नाही, मी सांगितलं नाही.

०८:४९. परत आडवी. मान ताणली, चारी पाय ताठ. डोकं.

०८:५४:२०. वासरू जमिनीवर. सकाळच्या गारव्यात अंगातून वाफ निघत होती. तिने वळून पहिल्यांदा नाक चाटलं, मग डोळे.

पहिला प्रयत्न: पुढचे गुडघे, मागचं वर, कोलांटी. दुसरा: तसाच. तिसरा मला दिसला नाही. एक झेब्रा रमतगमत मधून गेला, ११ सेकंद नुसते पट्टे. चौथ्यात चारी पाय फाकवून उभं, थरथरत, आणि परत खाली. पाचव्याला राहिलं. ०९:०१:००. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

'सा टाटू,' म्झे पुटपुटले, तीन वाजले. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, नऊ म्हणजे तीन.

वासराने आधी आईच्या पुढच्या पायांमध्ये तोंड घातलं. मला बंपर आठवला. आई अर्धवट वळली आणि मागचा भाग त्याच्यासमोर केला. ०९:०९, शेपूट हललं. पान्हा आला. शेपटाच्या त्या हलण्यावरून आमच्याकडे लहान पोरालाही कळतं, दूध मिळतंय.

०९:१६ ला दोघं चालू लागली. कॅमेरा बंद केला, मग आठवलं की श्वास घ्यायचाय. सहकारी रडत होती, माइक स्थिर धरून.

१८ फेब्रुवारी

डेटा तीन जागी उतरवला, तिन्ही तपासले.

दोन प्रश्न. झेब्र्याचे ११ सेकंद: त्या जागी दुसऱ्या वासराचा प्रयत्न कुणालाही कळणार नाही असा जोडता येईल. ठेवायचे, पट्टे तसेच. आवाज: ९५ मीटरवरून आईचा हुंकार फार पुसट आला आहे, वासराचा जवळजवळ नाही. नंतर स्टुडिओत ओल्या कापडाचे आवाज करून 'चाटणं' घालायची पद्धत आहे. सहकारी म्हणाली, 'दादा, त्या मैदानावर त्या वेळी जे होतं तेवढंच देऊया. वारा, कळप आणि तो एक हुंकार.' मान्य. हे मेलमध्ये कळवलं. उत्तर अजून नाही.

१९ फेब्रुवारी

तळ्यापलीकडच्या टेकाडावर फोनला रेंज येते. घरी लावला. वडिलांना सगळं सांगितलं: पाणमोट, खूर, तरस, सहा मिनिटं चाळीस सेकंद. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, 'जार पडला का?'

जार म्हणजे वार, विण्यानंतर पडते ती. मला सांगता येईना. वासरू प्यायलं, चालायला लागलं, मी कॅमेरा बंद केला.

'मग विणं कुठं झालं पुरं,' ते म्हणाले.

परत येऊन शेवटचा तुकडा मोठ्या पडद्यावर लावला. ०९:१६ नंतरची काही सेकंदं आहेत, मी बंद करेपर्यंतची. आई पाठमोरी कळपात शिरतेय, वासरू तिच्या डाव्या बाजूला, आणि जार अजून लोंबतोय. प्रसंग आधी पिण्यापाशी संपत होता. आता तो ३४ सेकंद पुढे नेला, ती कळपात दिसेनाशी होईपर्यंत.

उद्या ०५:४५. बॅटऱ्या सहा, भरलेल्या. तुटक्या शिंगाची मादी दिसते का पाहायचं.